गौरीपूजनाच्या दिवशी काढलेला फोटो

विक्रोळीतल्या आमच्या वसाहतीचा पालिकेचा दवाखाना चार वर्षांपूर्वी, मार्चअखेरीला बंद झाला. तो बंद करण्याच्या प्रस्तावाला एक फोटो जोडला होता. रिकामी बाकं, टेबलामागे बसलेले डॉक्टर, भिंतीवर लसीकरणाचं पोस्टर. तो फोटो मी काढला होता. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही — ऑफिसात नाही, बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल.

मी बातमीदार आहे. तेव्हा पूर्व उपनगरं माझ्याकडे होती, म्हणजे पाणी, कचरा, खड्डे, शाळा, दवाखाने. या कामात एक गोष्ट लवकर शिकवतात: बातमीत स्वतःला आणू नये. ती मी इतकी छान शिकलो की पुढे लपायला तीच उपयोगी पडली. पण ते नंतर येईल. मी पुन्हा पाल्हाळ लावतोय. या गोष्टीभोवती मी गेली चार वर्षं असाच फिरतो आहे.

आधी वसाहत. आमच्या वसाहतीत बहुतेक घरं कोकणातली. मीही तिथलाच. सोळाव्या वर्षी शिकायला मुंबईत आलो तो चुलतभावाकडे, अनंतदादाकडे. एक खोली, त्यात दादा, सुषमा वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. वहिनीने मला वाढवलं, असं म्हटलं तर ती चिडेल. ती म्हणते, "वाढवलं कसलं रे, जेवलास आणि वाढलास." पण तसंच आहे ते.

आता कोकणातल्या माणसाला गणपतीत मुंबईत कुणी धरून ठेवू शकत नाही, हे मी तुम्हाला सांगायची गरज आहे का? नोकरी गेली तरी चालेल, पण गाव चुकत नाही. महिना-दीड महिना आधी तिकिटांसाठी मारामारी, आणि एकदा सगळी गेली की वसाहतीत शुकशुकाट. दारांना कुलपं. गिरणी बंद, वाण्याच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर. मासळीवालीसुद्धा तेवढे दिवस टोपली घेऊन दुसऱ्या वसाहतीत जाते, कारण तिला कळतं. मासळीवालीला कळतं ते पत्रकाराला कळत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. मला कळत होतं.

त्या वर्षी मला रजा मिळाली नाही. गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी मी विसर्जन घाटांच्या तयारीची बातमी करायला पालिकेच्या विभाग कार्यालयात गेलो होतो. तिथले आरोग्याचे अधिकारी — सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत — मला म्हणाले, "घाट काय दरवर्षीचेच. चला, तुम्हाला खरी बातमी दाखवतो." त्यांच्या गाडीतून आम्ही थेट आमच्या वसाहतीत आलो. दवाखान्यात.

अकराच्या पुढची वेळ असेल. डॉक्टर, सिस्टर, औषधं देणाऱ्या बाई, सगळे जागेवर. बाकांवर कुणी नाही. साहेब म्हणाले, "बघा. एवढा स्टाफ, एवढा खर्च, आणि पेशंट?" सिस्टर हसून म्हणाल्या, "आज कोण येणार साहेब? सगळी गावाला. आज तुम्हीच पेशंट. बीपी बघू का?"

मी फोटो काढला. वसाहत सोडून मला बरीच वर्षं झाली होती; तिथल्या स्टाफपैकी मला कुणी ओळखत नव्हतं. सिस्टरचं वाक्य मी ऐकलं. साहेबांनीही ऐकलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही — हे मला आजही स्पष्ट आठवतं, की आम्ही मुद्दाम पाहिलं नाही.

बातमी तेव्हा छापून आली नाही. गणपतीत पानं भरलेली असतात, संपादक म्हणाले ठेव. ती राहिली. जानेवारीत साहेबांचा फोन आला, "तो फोटो आहे ना अजून?" खर्चकपातीचा प्रस्ताव तयार होत होता. त्यात कपात हा शब्द कुठेच नव्हता. सुसूत्रीकरण होतं. सक्षमीकरण होतं. दवाखाना बंद करायचा, डॉक्टर उचलायचे, इमारतीला कुलूप लावायचं, आणि याला सक्षमीकरण म्हणायचं! असे शब्द मी रोज वाचत होतो आणि रोज जसेच्या तसे छापत होतो. आता ते आठवले की तोंडाला कडू पाणी सुटतं. तेव्हा सुटत नव्हतं. तेव्हा मी मथळा शोधत होतो.

मथळा मीच दिला: 'डॉक्टर हजर, रुग्ण गैरहजर'. संपादक खूश झाले. म्हणाले, "झकास! पहिल्या पानावर घे." फोटोखाली ओळ होती, 'दवाखान्यातील शुकशुकाट'. केव्हाचा, ते नव्हतं. बातमीत एकही वाक्य खोटं नव्हतं. तुम्ही आज काढून तपासा — एकही नाही. डॉक्टर हजर होते. रुग्ण गैरहजर होते. मी फक्त सिस्टरचं वाक्य वगळलं आणि दिवस वगळला. बातमीला नाव होतं 'प्रतिनिधी'. फोटोला तेही नव्हतं.

जानेवारीत छापलेला फोटो लोक जानेवारीचाच समजणार, हे मला माहीत होतं का? होतं. त्यावरच तर बातमी उभी होती.

मग त्या वेळी दवाखान्याच्या बाकावर खरोखर कोण बसत होतं? अनंतदादा. ज्या गणपतीत मी इथे फोटो काढत होतो, त्याच गणपतीत गावी विसर्जनाला अनवाणी जाताना त्याच्या तळव्यात काच गेली. त्याला साखरेचा आजार. पायाला काही कळलंच नाही, वहिनीला चादरीवर डाग दिसला तेव्हा समजलं. मुंबईत आल्यावर एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू झालं. दादा एका इमारतीत लिफ्टमन होता. सकाळी दवाखाना उघडला की पहिला नंबर याचा, ड्रेसिंग करून चालत ड्युटीवर. सिस्टर रागवायच्या, हा हसायचा. जखम भरत आली होती. फेब्रुवारीत मी पाहिली होती ती — कडा गुलाबी झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, असंच नेमाने चालू ठेवा, पाय वाचेल.

नेमाने. त्या एका शब्दावर त्याचा पाय उभा होता.

बातमी आली त्या दिवशी वहिनीने पेपर माझ्यापुढे आपटला. आमचाच पेपर. ती रागावली की तिची मालवणी सुटते. "कोणी काढल्यान रे ह्यो फोटो? आमी सगळी गावाक होतंव! मेल्याच्या डोळ्यांक दिसला नाय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "विजू, तुझ्याच ऑफिसातला असेल ना कुणीतरी. शोध ना जरा."

मी म्हटलं, "बघतो."

खाटेवरून दादा म्हणाला, "अगो, जाऊ दे. असेल कोणी पोरगा. त्याला काय माहीत आपलं गणपतीचं?" आणि मी चहा प्यालो. तिने केलेला चहा, तिच्यासमोर बसून, शेवटपर्यंत प्यालो. दुसऱ्या कुणी हे केल्याचं मला सांगितलं असतं, तर त्या माणसाच्या घरचं पाणी मी घेतलं नसतं.

वहिनी गप्प बसणारी नाही. तिने घरोघर जाऊन बायका गोळा केल्या. दवाखान्याच्या दारात त्या रोज सकाळी बसायच्या, मांडीवर तांदूळ निवडत, मटार सोलत. पोलीस म्हणाला, मावशी, उठा. एक म्हातारी म्हणाली, "उठव. गुडघ्याचं औषध आतच मिळतं." एवढ्या आवाजानंतर विभाग कार्यालयाला सुनावणी ठेवावी लागली.

आता मी त्या सुनावणीपर्यंत आलो. आजवर मनातल्या मनातसुद्धा मी इथे थांबत आलोय.

सभागृह भरलं होतं. दवाखान्याच्या स्टाफला मात्र बोलावलं नव्हतं. मी पत्रकारांच्या रांगेत, पुढे. साहेबांनी पडद्यावर फोटो दाखवला. वहिनी उठली. म्हणाली, "साहेब, हा गणपतीतला फोटो आहे. एरवी त्या बाकांवर बसायला जागा नसते. त्या दिवसांत आमच्याकडे कुत्रंसुद्धा नसतं. दवाखाना सोडा, आमच्या घरांचा फोटो काढला असतात तरी रिकामीच दिसली असती. तीही बंद करणार का?" लोक हसले, टाळ्या पडल्या. साहेब शांतपणे म्हणाले, "ताई, फोटोवर तारीख आहे का कुठे? भावनेच्या भरात काहीही बोलू नका. पुरावा द्या."

पुरावा माझ्या खिशात होता. मूळ फोटो फोनमध्ये होता — दिवस, वेळ, सगळं त्यासोबत. मला फक्त उठायचं होतं. फोन बाहेर काढायचा होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गौरीच्या दिवशी पाहिलं नव्हतं, तसंच.

वहिनीने पाहिलं. तिने सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "हा आमचा विजू. पेपरात आहे. आमच्याच घरात वाढलाय. विजू, तू सांग ना यांना, गणपतीत वसाहतीत कोण असतं ते. तुझं ऐकतील."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मी म्हणालो, "वहिनी, मी इथे बातमीदार म्हणून आलोय. मला बोलता येणार नाही."

किती सभ्य वाक्य आहे ना? निःपक्ष. पत्रकारितेच्या वर्गात फळ्यावर लिहावं असं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात घाणेरडं वाक्य तेच, आणि ते उच्चारताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "वा रे पेपरवाले!" तेव्हा वहिनीने वळून त्यालाच झापलं. "ए, गप. नोकरी आहे त्याची. बरोबर आहे त्याचं." मग ती खाली बसली. माझी बाजू घेऊन बसली.

प्रस्ताव मंजूर झाला. त्या सुनावणीची बातमी मीच दिली, दोन्ही बाजूंना सारखी जागा देऊन. काही दिवसांत मला उपनगरांतून काढून पालिका मुख्यालयाच्या बातम्यांचं काम दिलं. ती बढती होती. मी पेढे नेले. वहिनीकडेही नेले. तिने देवापुढे ठेवले.

प्रस्तावात म्हटलं होतं, रुग्णांना जवळच्या केंद्रात सर्व सुविधा उपलब्ध राहतील. जवळचं म्हणजे हायवेच्या पलीकडे, आणि तिथे ड्रेसिंग दुपारी. दादाची ड्युटी सकाळपासून. मोठ्या हॉस्पिटलात गेलं तर केसपेपरच्या रांगेतच अर्धा दिवस. एक दिवसाआडचं ड्रेसिंग आठवड्यावर गेलं, मग जमेल तसं. वहिनी घरी करायची, पाणी उकळून, हात धुऊन, जमेल तेवढं. मे महिन्यात मी गेलो तेव्हा दारातच वास आला. अगरबत्ती लावलेली होती, तरी आला. मी दाराजवळची खुर्ची घेतली. होय, तेही केलं मी — लांब बसलो, आणि ऑफिस आहे म्हणून लवकर उठलो.

पावसाळ्यात दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. दवाखाना चालू असता तर पाय वाचलाच असता, असं कुणी डॉक्टर लिहून देणार नाही. मी विचारलं होतं. त्या उत्तराने मला किती हलकं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

दादाची नोकरी गेली. वहिनी एका शाळेच्या डब्यांसाठी पोळ्या लाटते. मी गेलो की अजून विचारते, "जेवलास?" फोटोचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही. मी मुख्यालयातून आजही खर्चाच्या बातम्या देतो. कपातीविरुद्धच्या मोर्चांच्या बातम्याही देतो. त्या चांगल्या असतात, असं म्हणतात.

फोटो मी पुसलेला नाही. फोन बदलला तेव्हा नव्या फोनमध्ये घेतला.

गावच्या घराला रस्त्यापासून चढाची पायवाट आहे. कुबड्यांवर ती चढता येत नाही. त्यामुळे दादा आणि वहिनी आता गणपतीला जात नाहीत. यंदा गौरीपूजनाच्या दिवशी मी सकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. मजल्यावरच्या बाकी सगळ्या दारांना कुलपं होती. दादाच्या दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. टाचेपर्यंत लाल झालं होतं. तो खिडकीशी बसला होता. त्या खिडकीतून दवाखाना दिसतो. दवाखान्याला कुलूप होतं.