पल्लवीच्या फॉर्मवर मी लिहिलेलं ‘नाही’

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आणि देवापुढे हात जोडले तरी तिथेही मी विषय बदलते.

मी जात्या चौकस. दवाखान्यात गेले की भिंतीवरचा कागद न् कागद वाचते. लेझरने चष्मा कुणाचा घालवू नये, ती यादी तर मला पाठ आहे — कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचा काचेसारखा पडदा, पातळ असेल. नंबर अजून बदलत असेल. डोळे कोरडे असतील. चोळायची सवय असेल. घरात कुणाचा हा पडदा शंकूसारखा पुढे येत असेल. शेवटचं वाचून मी काय केलं असेल?

माझाच पडदा तसा आहे. लग्नाआधी जळगावच्या तपासणीत कळलं. मशीनने काढलेला माझ्या डोळ्याचा रंगीत नकाशा मी कौतुकाने बघत बसले होते — खालच्या बाजूला बोराएवढा लाल डाग. आठवड्याने धुळ्याची माणसं मला बघायला येणार होती. आई आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाली, “डोयानं कोनले सांगू नको. बठ्ठं नीट व्हई जाई.” या आजारात लागतात तशा कडक लेन्स मी लावायला लागले. सासरी सांगितलं, चष्मा आवडत नाही, म्हणून साध्या लेन्स. झाकली मूठ सव्वा लाखाची! धाकटी पल्लवी तेव्हा शाळेत होती. तिलाही तेच सांगितलं.

पुढे पल्लवी अमळनेरला नवरीची मेंदी काढायला लागली. काय बारीक रेघ तिची! पण वाकलं की घामाने चष्मा घसरायचा आणि हात तर मेंदीने भरलेले. म्हणून लेझर. दवाखान्यात तिने मला सोबत नेलं. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदू दाखवायचा होता, त्याही आल्या. पल्लवीच्या डोळ्यांत थेंब टाकलेले, तिला अक्षर दिसेना, म्हणून फॉर्म मी भरत होते. सासूबाई माझ्या खांद्याला खांदा लावून.

आईवडील, भावाबहिणींपैकी कुणाला हा शंकूसारख्या पडद्याचा आजार आहे का — तिथे पेन थांबलं. पाणी प्यायला म्हणून उठता आलं असतं. डॉक्टरांना बाजूला गाठता आलं असतं. का नाही उठले? मी ‘नाही’ लिहिलं — सुवाच्य अक्षरात.

मग डॉक्टरांनी तिचा नकाशा दाखवला. खालच्या बाजूला, अगदी माझ्याच जागी, फिकट पिवळं. “जरा शंका येते. पण घरात कुणाला नाही ना?” त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी मान हलवली. आणि खरं सांगू? त्या क्षणीही मी न्याहाळत होते, सख्ख्या बहिणींचे नकाशे किती जुळतात ते.

लेझर झालं, आणि वर्षभरात तिला एका रेघेच्या दोन दिसायला लागल्या. लेझरने मुळातच कमजोर पडदा आणखी पातळ झाला होता. आता नवरीचे हात ती दुसऱ्या मुलींकडे सोपवते, स्वतः फक्त बोटांची टोकं भरते. म्हणते, माझं नशीब.

सासूबाईंचं ऑपरेशन झाल्यावर एकदा त्या हसत म्हणाल्या, आधी मला छापलेला कागद नुसता पांढरा दिसायचा. म्हणजे त्या दिवशी माझ्या फॉर्मवर कुणाचीच नजर नव्हती.

मागच्या महिन्यात पल्लवीला कडक लेन्स मिळाल्या. पहिल्याच दिवशी काढता येईनात, रडकुंडीला आली. माझा हात आपसूक पुढे झाला — डोळ्याचा कोपरा कानाकडे ताणला, पापणी मिटायला लावली, लेन्स टपकन माझ्या तळहातावर.

ती बघतच राहिली. “अक्का, तुन्या लेन्स तर साध्या शेतस. मंग हाई तुले कसं जमनं?”

मोबाइलवर बघितलं, मी म्हणाले.

“बरं झालं तू शे,” ती म्हणाली आणि दुसरा डोळा माझ्यापुढे केला.

त्यातलीही लेन्स मी काढून दिली.