चपला बाहेर, भिकाभाऊ बाहेर

आमच्या चर्चमधले किस्से म्हणजे दाराशी काढलेल्या चपला. येताना जिची तिची वेगळी असते, आणि दोन तासांनी बघावं तर नुसता ढीग! कुठला किस्सा कोणाचा, मलाच समजत नाय. तरी उपसते. बायांनो, हसायचं तर हसा, पण मधेच "मग खरं काय?" असं विचारू नका. खरं काय ते आमच्या दोन पाळकांना ठरवता आलं नाय, मी तर चौथी पास!

*

आमच्याकडे नवीन पाळक आले. तरणे, हुशार, लय शिकलेले. पहिल्याच बुधवारी बायकांच्या प्रार्थनासभेत फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या पोटात छोटं. म्हणाले, "ख्रिस्ताचं मरण अख्ख्या जगाला पुरेल एवढं मोठं आहे. पण तो मेला तो देवाने निवडलेल्यांसाठी."

मी म्हटलं, "म्हणजे जेवण गावाला पुरेल एवढं केलं, पण पंगतीला फक्त पत्रिकावाले?"

"हो. म्हणजे, नाही! मावशी, तसं नाही."

माझ्या शेजारी सुमन. ती कधी तोंड उघडत नाय. पण त्या दिवशी हात वर केला. "साहेब, निवडलेला कोण, ते कसं कळतं?"

"जो विश्वास ठेवतो तो."

"आणि विश्वास कोण ठेवतो?"

"ज्याला निवडलंय तो."

मी म्हटलं, "झालं! नाशिकच्या सीबीएस स्टँडला उतरून विचारलं पंचवटी कुठे, तर म्हणे रामकुंडाजवळ. रामकुंड कुठे? पंचवटीत!"

सगळ्या हसल्या. सुमन हसली नाय.

*

आता सुमन का हसली नाय ते सांगते. तिचा नवरा भिकाभाऊ. सातपूरला कंपनीत होता, आता रिटायर. सुमन आमच्यातली, तो हिंदू. लव्ह मॅरेज! बाप्तिस्मा घेतला नाय, पण बायकोला दर रविवारी स्कूटरवर घेऊन येणार म्हणजे येणार. आणि आत न येता पायरीवर बसून आमच्या चपला राखणार. एकदा कुत्र्याने माझी चप्पल पळवली, तर हा गडी पार सिग्नलपर्यंत त्याच्या मागे पळाला!

मी चिडवते, "भिकाभाऊ, या की आत. आत फॅन हाय."

तो म्हणतो, "मी आत आलो तर चपला कोण बघणार?"

वर्षातून एकदा चांदवडच्या देवीला जातो, तिथला नारळ आणून आम्हा सगळ्यांना वाटतो. आम्ही खातो. ते चालतं का नाय, हे पण कोणाला विचारलेलं नाय. नाहीतर फळ्यावर आणखी एक वर्तुळ निघायचं!

तर त्या बुधवारपासून सुमनला एकच घोर. माझा माणूस छोट्या वर्तुळात का बाहेर?

*

तिला घेऊन मी थोरल्या पाळकांकडे गेले. ते रिटायर झालेत, पण त्यांचं तोंड रिटायर झालं नाय. टेबलावर हात आपटून म्हणाले, "सगळ्यांसाठी मेला! एकूण एक माणसासाठी!"

सुमनचा चेहरा उजळला. पण सोबत आमच्या प्रार्थनासभेतली दीनाबाई पण आली होती ना!

"साहेब, सगळ्यांसाठी? माझ्या सासूसाठी पण?"

"तिच्यासाठी पण."

"म्हणजे वर गेल्यावर ती परत भेटणार?"

"तिने त्याला स्वीकारलं असेल तर नक्की भेटणार."

दीनाबाई पदर सावरत उठली. "मग मी नवीन पाळकांच्या बाजूची!"

*

गुड फ्रायडेला आमच्यात येशूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. तीन तास, तेपण उपाशी. पहिला उद्गार नव्या पाळकांना, दुसरा थोरल्यांना. नवे म्हणाले, वधस्तंभावरून क्षमा मागितली ती त्या गर्दीतल्या आपल्या माणसांसाठी. थोरले उठले आणि म्हणाले, शेजारी टांगलेला चोर कुठे आपला माणूस होता? त्याचा ना बाप्तिस्मा, ना चर्च, तरी त्याच दिवशी स्वर्गाच्या दारातून आत!

आम्ही बाया एकदा इकडे बघतोय, एकदा तिकडे. तिसऱ्या उद्गाराला चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींतले एक जण उठले, घाम पुसला आणि म्हणाले, "मी दोघांशी सहमत आहे." उपास असून लोक हसले!

बाहेर आले तर भिकाभाऊ गंभीर. स्पीकरवर सगळं ऐकलेलं.

"वहिनी, चोर आत गेला म्हणे?"

"हो. थोरले साहेब म्हणतात तसं."

"बरं. मग चपला तपासून घ्या."

*

पावसाळ्यानंतर भिकाभाऊच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बायपास करा. शनिवारी सकाळी ऑपरेशन. नवे पाळक द्वारका चौकाचं ट्रॅफिक तुडवत आले बिचारे. खाटेशी भिकाभाऊच्या चपला होत्या, त्या हाताने बाजूला सारून उभे राहिले आणि डोळे मिटले.

"हे प्रभो, तू ज्यांच्यासाठी मेलास, त्या तुझ्या..." थांबले. "तू ज्यांना निवडलंस, त्यांना..." परत थांबले. सुमन डोळे न मिटता त्यांच्या तोंडाकडे बघतेय.

खाटेवरून भिकाभाऊ म्हणाला, "साहेब, सरळ नाव घ्या की! वॉर्डात एवढे जण पडलेत, देवाचा गोंधळ व्हायचा."

साहेबांचे कान लाल. मग हळूच म्हणाले, "भिकाजी." आमेन मीच म्हटलं.

स्ट्रेचर निघालं तसं भिकाभाऊने मान उचलली. "उद्या रविवार. चपला कोण बघणार?"

"जळल्या त्या चपला!" सुमन रडायला लागली.

साहेब म्हणाले, "मी बघतो."

*

आणि बघितल्या! रविवारी प्रवचन थोरल्यांनी केलं आणि नवे पाळक इस्त्रीच्या पँटीत पायरीवर.

ऑपरेशन झालेलं, पण भिकाभाऊने डोळे उघडले नव्हते. आयसीयूत संध्याकाळशिवाय सोडत नाय, म्हणून सुमन तशीच चर्चला आली. तिची पिशवी माझ्याकडे. पिशवीत हॉस्पिटलवाल्यांनी हातात दिलेल्या भिकाभाऊच्या चपला. जुन्या, एका पट्ट्याला निळ्या दोऱ्याचे टाके.

साहेबांची नजर चुकवली आणि त्या चपला मी ढिगात बरोब्बर मधोमध सारल्या.

उपासना सुटली. जो तो आपापलं पायात घालून निघाला. सुमनने ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि कट्ट्यावर जाऊन बसली. आवार रिकामं झालं. पायरीपाशी तेवढा एक जोड.

थोरले पाळक कुलूप घेऊन आले. "चला, दार लावू. सगळे गेले."

नव्या पाळकांनी त्या टाक्यांकडे बघितलं. मग मान वळवून आतल्या रिकाम्या बाकांकडे बघितलं.

"थांबा जरा, साहेब," म्हणाले. "एक जण अजून आत आहे."