दोन दिवस राखलेली विहीर

मी यवतमाळची, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, आणि स्वभावानं तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. सर्वेक्षणाचा फॉर्म अर्धवट भरून आणला की विद्यार्थ्यांना अशी झापायचे की पोरी रडायच्या. आणि सगळ्यात मोठा घोळ घातला तो मीच.

पाऊस बेभरवशाचा झाल्यापासून पाणी भरण्यात बायांचे किती तास जातात, शेतातलं किती काम बुडतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी आधी निरोप पाठवून एप्रिलात फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावर गेले. अख्ख्या तांड्याला एकच विहीर. टेप खाली सोडला, तर चांगलं पुरुषभर पाणी! एप्रिलात! मी तर खूशच झाले. काठाचे दगड कोरडे ठणठणीत, दोर गुंडाळून ठेवलेले, आजूबाजूला चिखलाचा ठिपका नाही. वा, काय शिस्त आहे, म्हटलं. शेजारच्या म्हातारीनं तांब्याभर पाणी दिलं. तिला सगळे याडी म्हणायचे, म्हणजे आई. मीही म्हणू लागले. अर्धं पाणी प्याले, उरलेल्यानं पाय धुतले. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्याच आठवड्यात तालुक्याच्या कचेरीत टँकरच्या गावांची यादी बनत होती. तिथल्या साहेबांनी माझे आकडे मागितले. मी मोठ्या तोऱ्यात सही करून दिले. त्यावरून तांड्याचं नाव कटलं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मे महिन्यात राहिलेले फॉर्म भरायला परत गेले. विहिरीच्या तळाला नुसता गाळ. याडी दारात बसली होती. मागच्या खेपेला घरात दिसलेली सून कुठाय, विचारलं, तर म्हणाली, "दवाखान्यात. आठ दिस झाले. वाटीनं पाणी भराले विहिरीत उतरली अन् दगड निसटला. कमरेखाली काहीच हालत नाही तिचं."

"अहो पण एप्रिलात पाणी होतं ना, याडी? मी स्वतः मोजलं!"

"होतं ना बाई. तुमी येनार म्हणूनच राखलं होतं. दोन दिस कोनाले दोर टाकू देला नाही. नाल्याच्या वाळूत झिरा खोदला, पाझरलं तेवढ्या पान्यावर भागवलं."

"काहून पण?" माझ्या तोंडून घरची बोलीच निघाली.

"मागच्या साली नळाचे सायेब आलते. विहिरीत डोकावले अन् म्हणे, इथं पाणीच नाही, त नळाले कुठून देऊ? मंग आमी ठरवलं, आता कोनी पाहाले आलं त विहीर भरलेलीच दिसली पायजे. पाव्हणे येनार म्हणून आपण घर नाही का सारवत?"

मी यवतमाळजवळच, कळंब तालुक्यातल्या खेड्यात वाढले. लहानपणी रोज पाणी शेंदलंय. वापरातल्या विहिरीचा काठ कधी कोरडा नसतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. शेवटचा दोर कधी टाकला, एवढा एक प्रश्न विचारला असता तर सगळं उघडं पडलं असतं. पण मला माझा आकडा मिळाला होता ना!

तशीच कचेरी गाठली. भांडले, टेबलावर हात आपटला. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, आकडा तुमचा, सही तुमची." मग नवी मोजणी, नवा अर्ज, पंचनामा. टँकर पोचला तो वीस दिवसांनी.

त्या दिवशी मी याडीसमोर बसून सगळं सांगितलं. माझ्या सहीनं तुमचा टँकर गेला, म्हणूनच तुमच्या सुनेला विहिरीत उतरावं लागलं, म्हटलं. माफी मागताना रडले. ती शिव्या देईल, असं वाटलं होतं. खरं तर द्याव्यात, अशीच इच्छा होती.

"शिव्या देऊन तिचे पाय येतीन का?" ती म्हणाली. "एक तेवढं सांगून जा. कोरडी दाखवली त नळ गेला. भरलेली दाखवली त टँकर गेला. तुमी शिकल्यासवरल्या बाया. पुढच्या खेपेले कोनी मोजाले आलं, त विहीर कशी दाखवू?"

खरी आहे तशी दाखवा, हे ओठांवर आलं होतं. पण नळाच्या साहेबांना त्यांनी ती खरीच तर दाखवली होती.