ग्रीकबाईंचा म्हातारा बिशप

ग्रीकबाईंच्या नाकावर राग कायमचाच, पण त्या शनिवारी तळपायाची आग पार मस्तकात गेली होती. बगलेत पुठ्ठा सुटलेलं जाडजूड पुस्तक घेऊन त्या धाकट्या भावाच्या गॅरेजात शिरल्या, आणि हवा भरायला आलेल्या गिऱ्हाइकाने त्यांच्या तोंडाकडे एकदा बघून गाडी मागच्या मागे काढली.

बाई चर्चचे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात जन्मभर ग्रीक शिकवून निवृत्त झाल्या होत्या. बायबलातला नवा करार ज्या भाषेत लिहिला गेला, ती ग्रीक. पहिल्या काही शतकांतल्या बिशपांनी शास्त्र कसं वाचलं, हे त्या घसा फोडून शिकवायच्या. पोरं परीक्षेपुरतं लिहायची आणि चर्च मिळालं की सगळं विसरायची. बाईंनी लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, बाईंचं त्या म्हाताऱ्यांशीच जमलंय. बाई म्हणायच्या, "जमणारच. निदान ते आधी विचार करून मग बोलतात!"

रागाचं कारण तिथेच होतं, जुन्या टायरांजवळच्या स्टुलावर. भावाची मुलगी मनगटाला प्लॅस्टर घालून बसली होती आणि पायाशी तिची बॅग. नवऱ्याने हात पिरगळला म्हणून ती माहेरी आली होती. बापाला काही सुचेना, म्हणून तो पाळकांकडे गेला. पाळकांनी बायबल उघडलं, बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं ही ओळ दाखवली आणि बायबल मिटलं. पाळक बाईंचाच विद्यार्थी, म्हणजे जखमेवर मीठ. जावई आज तिला न्यायला येणार होता.

"नेऊ देणार आहेस?" बाईंनी विचारलं.

"ताई, शास्त्रात स्पष्ट लिहिलंय." भाऊ बॉनेटखालून डोकं बाहेर न काढताच म्हणाला. "त्यात तुझे म्हातारे कशाला मध्ये?"

"ही कोणाची खटारा व्हॅन उघडून बसलायस?"

"आहे एकाची. का?"

"तिचं पुस्तक आहे ना तुझ्याकडे? कंपनीचं? मग काल त्या म्हाताऱ्या मिस्त्रीला फोन कशाला केलास? तुझी बायको सांगत होती, तासभर बोलत होतास!"

"अगं, पुस्तकात लिहिलेलं असतं, पण त्याने ही गाडी नवी असताना हाताळलीय. कुठला भाग कशासाठी दिलाय, ते त्याला—" भाऊ बोलता बोलता थांबला.

"बोल ना! गिअरबॉक्सला विचारायला माणूस लागतो, आणि पोरीच्या हाडांना नाही लागत? लाज वाटू दे जरा!"

बाईंनी फडक्याने अवजारांच्या टेबलाचा कोपरा पुसून पुस्तक त्यावर ठेवलं. "हा सोळाशे वर्षांपूर्वीचा बिशप. पाळकाने दाखवलेली ओळ बायबलातल्या ज्या पत्रात आहे, त्याची भाषा ही ह्याची रोजची भाषा. ह्याचंही चुकतं, मीच ह्याच्याशी भांडते, समासात बघ पेन्सिल. नवरा घरात वरचा, असं हाही म्हणतो. तुझ्याच बाजूचा आहे, घाबरू नकोस! पण तुझ्या पाळकासारखा त्या एका ओळीवर पाय रोवून उभा नाही राहिला. पुढच्या ओळी नवऱ्यांसाठी आहेत, तिच्यासाठी जीव द्या म्हणून सांगणाऱ्या. त्या आल्या तसा ह्याने पुरुषांनाच फैलावर घेतलं. आणि बायकोवर हात टाकणाऱ्याला नवरा तरी कसं म्हणायचं, असं भर चर्चमध्ये विचारलं."

भावाने भाषांतरातलं ते पान वाचलं. ओठ हलवत, बोट पानाला न लावता, दोनदा वाचलं. मग हात पुसत बसला. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी पुसत होता.

बाहेर हॉर्न वाजला. भाऊ उठून गेला.

"ती येणार नाही," त्याचा आवाज आत ऐकू आला.

"पण पाळकसाहेब म्हणाले होते—"

"त्यांचं मी बघतो. तू आधी गाडी वळव. वळव म्हणतो ना!"

जावयाची गाडी गेली. भाऊ आत आला तो छाती पुढे काढूनच. "घे ताई, ऐकलं तुझ्या म्हाताऱ्याचं."

"उशिरा का होईना, अक्कल आली," बाई म्हणाल्या. त्या मनातून फार खूश झाल्या होत्या.

"झालं तुमचं?"

दोघांनी वळून बघितलं. भाची उभी राहिली होती.

"बाबा, मी आले त्याच दिवशी तुम्हाला हात दाखवला. काय झालं ते सगळं सांगितलं. तुम्ही उठून पाळकांना विचारायला गेलात. आज आत्याच्या बिशपाला विचारलंत. तो नसता बोलला तर? तर मला गाडीत बसवलं असतं ना?"

भाऊ पुन्हा हात पुसायला लागला.

"आणि आत्या, तू आल्यापासून माझ्याकडे एकदा तरी बघितलंस का गं?"

बाईंकडे उत्तर होतं. त्यांच्याकडे नेहमीच असायचं. ते ओठांपर्यंत आलंही, पण त्यांनी गिळलं. पुस्तकाजवळ चहाचा कपही ठेवू न देणाऱ्या बाईंनी पुस्तक ऑइलच्या डब्यांवर टाकलं आणि त्या भाचीपाशी गेल्या.

"फार दुखतंय का गं?"

"आता विचारतेयस?" भाची म्हणाली.