हाफिजजींचे पुढचे दोन दात

विजयदुर्गच्या मुनीब हाफिजजींच्या तोंडात शोधूनही किडका दात सापडला नसता. अख्खं कुराण पाठ असलेला माणूस, दर नमाजाआधी मिसवाकची काडी दातांवर फिरवणारा. दात कसे, तर ताज्या खोबऱ्याच्या कातळीसारखे. आणि नेमके तेच दगा देऊन गेले, आता बोला.

मदरशात पोरांना अरबी हरफ, म्हणजे अक्षरं, शिकवताना हाफिजजी आधी आपलंच तोंड उघडून दाखवायचे. हे पुढचे कापायचे, हे सुळे, या मागच्या दाढा. कुठला हरफ घशातून निघतो, कुठला ओठांतून. 'से' मात्र जिभेचं टोक वरच्या पुढच्या दोन दातांच्या कडेला टेकवल्याशिवाय निघत नाही. टोक चुकलं की हरफ बदलतो, हरफ बदलला की अर्थ फिरतो. याबाबतीत हाफिजजी मशिदीच्या कमिटीलाही जुमानत नसत.

हिरड्यांतून रक्त यायचं, ते कैक वर्षं. घशात गेलं तर रोजा जाईल, या धास्तीने रमजानात ते हिरड्यांना काडीच लावेनात. पुढे ती सवय पडली. दातांची टोकं तेवढी घासायची, मुळाशी जायचंच नाही. तिथे कीटण साचून दगड झाला. बायको वजीरा म्हणायची, "कणकवलेक जावन दाखवा तरी." यांचं एकच, "दुखणा नाय, मगे कित्याक जाव?"

पुढचे दात हलायला लागले तेव्हा कुठे हाफिजजी कणकवलीला गेले. डॉक्टर प्राजक्ताबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "काका, दात दिसतो त्याहून जास्त आत हाडात असतो. तुमच्या दातांना काही झालेलं नाही, त्यांना धरणारं हाडच झिजलंय. किडलेला दात ठणकून सांगतो तरी. हा आजार मुका."

"हाड परत भरतं का?" हाफिजजींनी विचारलं.

"नाही, काका."

स्क्रूचा दात बसवायलाही तिथे हाड उरलं नव्हतं. वरचे पुढचे दोन्ही दात काढले, कवळी आली. ती जेवायला ठीक होती. 'से' म्हणायला जीभ लागली की हलायची आणि शीळ निघायची. हाफिजजी दार लावून तोच एक हरफ घोटत बसले, पण तो काही आला नाही. रमजानात मशिदीत नमाजाला जमलेल्या जमातीपुढे उभं राहून सगळं कुराण म्हणायचा मान त्यांचा होता. तो त्यांनी स्वतःच सोडला. कोणी आग्रहही केला नाही, हे त्यांना फार लागलं. "आता पोरांका शिकवचा तेवढा रवला," ते वजीराला म्हणाले. "ताय गेला तर मी जगान तरी काय करू?"

ईदनंतर मदरसा पुन्हा भरला. महिनाभर हाफिजजींनी कवळी लावूनच हरफ म्हणून दाखवले. पहिल्या ओळीतल्या शाझियाचे दुधाचे दात पडून पुढचे नवे दोन आले होते, कंगोरेदार कडांचे. ती सबक, म्हणजे दिलेला धडा, म्हणू लागली. 'से' आला आणि शीळ निघाली.

हाफिजजींनी थांबवलं. "टोक दाताच्या कडेक लाव गो."

"तुमी म्हणतास तसाच म्हटलंय," ती म्हणाली. खरंच होतं. त्यांनी शेजारच्या मुलीला म्हणायला लावलं, मग तिच्यापलीकडच्या पोराला. शीळ. सगळ्या ओळीत, पुढचे दात असलेल्या आणि पडलेल्या प्रत्येक तोंडातून, त्यांचीच शीळ.

हाफिजजींनी पुढ्यातलं पुस्तक मिटलं.

"उद्यापासून कोण येव नका," ते म्हणाले.

शाझिया रडायला लागली. आपल्यामुळेच सगळ्यांना काढलं असं तिला वाटलं. "माजा काय चुकला ता सांगा, मी परत म्हणतंय," ती म्हणत राहिली. सांगायचं तर तो हरफ एकदा नीट म्हणून दाखवायला हवा होता. हाफिजजी तोंड मिटून बसून राहिले.