तीन बोटांची सुरगाठ

दुपारची भाकरी अंगावर आलीय आणि कमळ झोरे सोप्यावर घोंगडीवर पडून छताचे वासे मोजतेय. सातव्या वाशाशी तिचे डोळे मिटतात. आठव्यावर तिचा मामा बसलेला असतो.

"उतरा खाली, मोडंल," कमळ म्हणते.

"मोडायला वजन लागतं. ते म्या मार्गशीर्षातच उतरवून ठिवलं."

बिरू मामा म्हणजे कोयनेच्या रानातला जुना वाटाड्या. चाळीस वर्षं त्यानं लोकांना रान दाखवलं, आणि नव्हतं तेवढं पदरचं घालून सांगितलं. उजव्या हाताला तीनच बोटं. उरलेली दोन वाघानं नेली, असं तो सांगायचा. ऐकणारा शहरातला असला की वाघ दोन व्हायचे. गेल्या मार्गशीर्षात तो गेला. उद्या त्याच्या जागी कमळ पहिल्यांदाच एकटी पुढं चालणार आहे. साताऱ्याच्या नऊ बायका, दोन दिवस, वाटेत ना दवाखाना ना फोनला रेंज. कुणाला काही झालं तर? उठल्या उठल्या फोन करायचा आणि "ताप आलाय" म्हणून मोकळं व्हायचं, हे तिनं चौथ्या वाशालाच ठरवून टाकलंय.

"पिशवी दाव," मामा म्हणतो.

कोपऱ्यातली सॅक तिच्या मांडीवरच असते. ती एकेक काढून दाखवते. शिट्टी, बॅटरी, दोरी, अंगावर घ्यायला प्लॅस्टिकचा कागद, मेणकापडात काडेपेटी, जलसंजीवनीच्या पुड्या, जळवांसाठी मीठ. "आणि तळाला औषधांची पोटली. पट्ट्या, कापूस, चिमटा, गोळ्या. पाणी जाऊ नये म्हणून दोन निरगाठी मारल्यात. तुमच्यासारख्या."

"बरं. आता कुणालातरी लागलंय. डोळं मिटून, एका हातानं पट्टी काढ."

"डोळे मिटून कसं काय?"

"मिटल्यालंच हायेत की तुझं."

सोपा कुठं गेला कळत नाही. ती कारवीच्या उतारावर बसलीय, वय अकरा, मांडीत विळा घुसून निघालाय. एक हात जखमेवर. दुसऱ्या हातानं ती निरगाठ उकलतेय. नख मोडतं, गाठ हलत नाही. मामा घाई करत नाही. डोक्याचा फेटा काढतो, घडी करून जखमेवर ठेवतो आणि वर तळहात टेकतो. "दाबून धरायचं. उचलून बघायचं न्हाय."

त्या दिवशीही असंच झालं होतं. तिला उराशी धरून तीन तास तो चालला, तळहात हलला नाही आणि तोंडही थांबलं नाही. त्याची बोटं चावून वाघाचे दात पडले, मग बिचारा दारोदार पेज मागत हिंडला. पुढं काय झालं ते ऐकायला कमळ जागी राहिली.

कारवी संपते ती थेट आरोग्य केंद्रातच. खाटेखाटेवर म्हशी निजल्यात, सगळ्यांना सलाईन. मामा एका म्हशीला सरकायला सांगून बसतो आणि आपला उजवा हात न्याहाळतो.

"कमळे, खरं सांगू? वाघ न्हवता."

"मग?"

"धामण. इख नसतंय तिला. दोन बोटांना डसली, आन म्या घाबरून बुडाशी सुतळी आवळली. निरगाठ! दवाखान्यात पोचायला दीस गेला. बोटं सुतळीनं नेली गं."

पलीकडची म्हैस हसते. कमळ गुपचूप सॅकच्या कप्प्यातली सुतळी काढते. साप चावला तर आवळायला म्हणूनच ती ठेवलेली असते.

"टाक ती. हात न्हायतर पाय काठीला सैल बांध, हलू दिऊ नगं, आन गाठ दवाखाना."

कमळ सुतळी टाकून देते. "मामा, त्या दिवशी तुमी होता म्हणून मी हाय. सांगायचं राहूनच गेलं."

"एवढ्यासाठी मेल्याल्या माणसाला उठवतीस व्हय?" मामा मान फिरवतो. मग हळूच म्हणतो, "ग्वाड लागतंय पर. आणिक एकदा म्हण."

ती पुन्हा म्हणते. म्हशी गप्प होऊन ऐकतात.

"पिशवीत एक जिन्नस कमी हाय," मामा नाक पुसत म्हणतो. "थापा. चार तरी घे. घाबरल्यालं माणूस जागं ठिवायला लागत्यात."

"मला नाही येत थापा."

"मग ताप आलाय म्हणनार व्हतीस, ती काय आरती हाय?"

कमळला हसू फुटतं. मामा पोटली गुडघ्यावर घेतो, जिभेचं टोक ओठात धरतो आणि तीन बोटांनी गाठीशी खटपट करू लागतो. कुठंतरी घंटा वाजतेय.

घंटा नव्हे, उशाशी फोन वाजतोय. ऊन उंबऱ्यावरून सोप्यात आलंय. कोपऱ्यातल्या सॅकमध्ये, तळाला ठेवलेली पोटली सगळ्यात वर आहे. दोन्ही निरगाठी गेल्यात. तिथं एकच सुरगाठ, तीही वेडीवाकडी, एक कान लांब आणि एक आखूड. कमळ एका बोटानं ओढते. पोटली उघडते आणि पट्टी हातात येते.

ती फोन घेते. देशमाने बाई आहेत, उद्याच्या नऊजणींतल्या. "कमळताई, उद्याचं नक्की ना? आमच्यातली एक जरा घाबरलीय."

"नक्की. त्यांना माझ्याजवळ चालू द्या. आमच्या मामाची बोटं वाघानं कशी नेली, ते सांगते वाटेत."

"अगं बाई! वाघानं?"

लांब कानाची गाठ पुन्हा तशीच मारत कमळ म्हणते, "दोन वाघांनी."