बाराव्या मजल्यावरचा वारा

मुलगी बघायला जातात ना, तसं आम्हाला सोल शहर बघायला नेलं होतं. पोहे तेवढे नव्हते. बाकी सगळं तसंच. चांगलं तेवढं पुढे करायचं, आणि "मग, पसंत ना?" असं अशा तोंडानं विचारायचं की नाही म्हणणाऱ्यालाच लाज वाटावी. कोरियातलं ते एवढं थोरलं शहर आणि आम्ही तिथे पहिल्यांदाच जाणार, म्हणजे मी हरखून जाईन असं आमच्या ह्यांना वाटत होतं. हरखते कसली!

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर माझा राग कळायचा नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हे इंजिनियर, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. कंपनीनं आम्हा दोघांना पुण्याहून उचलून जपानात नागोयाला नेऊन ठेवलं होतं. मुलगी पुण्यातच कॉलेजात. नागोयाला जायच्या आधी ह्यांचं सारखं चालायचं, "अगं, काय स्वच्छता! काय शिस्त! एकदा बघशील तर परत यायचं नाव काढणार नाहीस." बघितली शिस्त. कचरा टाकायला घाबरायचे मी. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, आणि प्रत्येकाचा वार वेगळा. पहिल्याच महिन्यात शेजारीणबाईंनी माझी कचऱ्याची पिशवी परत आणून दाराशी ठेवली आणि वर कमरेतून वाकून नमस्कार केला. शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला उत्तर देता येतं. नमस्काराला काय देणार? आणि द्यायचं तर कुठल्या भाषेत?

हे सकाळी जायचे ते रात्री यायचे. मधला सगळा वेळ मी मुकी. भाजी घ्यायची तर तीही प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर किंमत चिकटवलेली. घासाघीस नाही, 'कालची आहे का हो' नाही. मी घरात भिंतीशी बोलायला लागले, आणि भिंत कागदाची असल्यासारखी, म्हणून तेही हळू आवाजात. वर्षभर काढलं असं. मग म्हटलं, पुरे.

शिकवायला कोण येणार होतं मॅट्रिक झालेल्या बाईला? टपालपेटीत सुपरमार्केटच्या जाहिराती यायच्या, चित्र आणि खाली नाव. कांद्याच्या चित्राखाली कांदाच लिहिलेला असणार, एवढी अक्कल मला होती. तशी अक्षरं लावली. बोलायला शिकले टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमांवरून, त्यामुळे मला जपानीत पहिल्यांदा काय आलं, तर 'चिरा', 'ढवळा' आणि 'मंद आचेवर ठेवा'. हे हसायचे. हसा, म्हटलं.

त्या चिरा-ढवळाच्या जोरावर मला स्टेशनाजवळच्या एका दुकानात काम मिळालं. जेवणाचे तयार डबे विकायचे तिथे, त्यांना बेंतो म्हणतात. मागच्या स्वयंपाकघरात ओळीनं उभं राहून डबे भरायचे. मी शाकाहारी, आणि माझ्याकडे काम काय, तर तळलेल्या माशाशेजारी मुळ्याच्या लोणच्याच्या चकत्या लावायच्या. लावल्या. श्वास रोखून लावल्या. तिथल्या मुख्य बाई मला 'इंदो-सान' म्हणायच्या, म्हणजे 'भारतबाई' म्हणा. दोन वर्षांनी एक दिवस त्यांनी सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून इंदो-सान पुढे काउंटरवर उभ्या राहतील.

पुढे! गिऱ्हाइकांशी बोलायला! घरी येईपर्यंत मी जमिनीवर नव्हते.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "वा, वा. बरं, एक विषय होता. सोलची पोस्टिंग निघालीय."

"कुणाची?"

"ठरलं नाही अजून. कंपनी म्हणते, आधी मॅडमना घेऊन शहर बघून या. तुला आवडलं तरच."

तुला आवडलं तरच. हे शब्द लक्षात ठेवा.

महिना संपत आला तेव्हा मुख्य बाईंकडे रजा मागितली. त्या गोड हसून म्हणाल्या, "सोमवारी या, नाहीतर सोमवारी येत नाही म्हणून कळवा. काउंटर रिकामं ठेवता येणार नाही." आणि माझ्या हातात तरी काय होतं? माझा व्हिसा ह्यांच्या व्हिसाला बांधलेला, गाईमागे वासरू तसा. हे सोलला गेले की माझं नागोया संपलं. पुन्हा नवी अक्षरं, पुन्हा कांद्याची चित्रं, पुन्हा मुकी.

विमान नीट वर चढलं न चढलं तोच उतरलं. कंपनीचे तिथले एक गृहस्थ गाडी घेऊन आलेले, इंग्रजी बोलणारे, अगदी अदबशीर. बोलायचे मात्र ह्यांच्याशी. माझ्याकडे वळायचे ते फक्त "मॅडम, लाइक?" एवढं विचारायला.

"अगं, नदी बघ! केवढी रुंद!" हे म्हणाले.

"नागोयात किल्ला बघ म्हणाला होतात."

नदी होती रुंद, नाही म्हणत नाही. पण मी काय त्या नदीत धुणं धुणार होते? रस्तेही रुंद, आणि एवढ्या रुंद रस्त्यावर एका रांगेत राहील तर ड्रायव्हर कसला! राजवाडा दाखवला. नवा रंग इतका ताजा की राजा नुकताच कॉन्ट्रॅक्टरचे पैसे चुकवून बाहेर गेला असावा. डोंगरावरच्या मनोऱ्यावर नेलं. तिथून काय दिसलं? धुरकट हवा आणि त्यात उभ्या केलेल्या काडेपेट्यांसारख्या इमारती, मैलोन् मैल, सगळ्या एका साच्यातल्या. बाजूच्या भिंतींवर हत्तीएवढे आकडे रंगवलेले. म्हणजे संध्याकाळी माणूस आपलं घर तोंडावळ्यानं ओळखत नाही, आकड्यानं ओळखतो. "काय प्लॅनिंग आहे!" हे म्हणाले. प्लॅनिंग म्हणे.

मग त्यातल्याच एका इमारतीत नेलं. बारावा मजला. गुळगुळीत जमीन, आणि खालून ऊब. कुठल्या नळ्या असतात म्हणे जमिनीखाली. पायांना फार बरं वाटलं, ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. गृहस्थांनी गॅलरीचं दार सरकवलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी सलग बोलले, सोप्या इंग्रजीत, हसून, "सर म्हणाले होते, मॅडमना वारा आवडतो. म्हणून आम्ही खालचा फ्लॅट बदलून हा घेतला. गेल्याच महिन्यात."

गेल्याच महिन्यात! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे नदीकडे बघत होते.

हॉटेलच्या खोलीचं दार लागल्याबरोबर मी विचारलं, "होकार कधी दिलात?"

"होकार असा नाही गं. तत्त्वतः."

"तत्त्वतः बारावा मजला?"

"तुझ्याच सोयीचं बघितलं ना मी? वारा तुला आवडतो."

"आणि काउंटर?"

"अगं, डबे भरायचं काम ते! इथे तुला काही करायलाच लागणार नाही."

करायलाच लागणार नाही. बक्षीस म्हणून सांगत होते हो! माझ्या तोंडून शब्द फुटेना. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना म्हणजे काय, ते माझ्या माहेरच्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी हे तिथल्या ऑफिसात गेले. माझ्यासाठी गाडी आणि खरेदी ठरली होती. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, गाडी गेलेली बघितली, आणि साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी अशी मी निघाले. पिशवीत पासपोर्ट, हॉटेलचं कार्ड, दशम्या आणि लसणीची चटणी.

बाजारात मात्र आवाज होता, ते कबूल करते. माणसं ओरडत होती, टेबलावर चढून कपडे विकत होती. दोघा-तिघा दुकानदारांनी माझ्याशी चक्क जपानीत भाव केला. जपानी टूरिस्ट येतात ना तिथे. मग काय, माझी मान ताठ. चिरा-ढवळावाली बाई परदेशात घासाघीस करतेय! जो भेटेल त्याच्याशी मी जपानीच फाडायला लागले. तरुण पोरं खांदे उडवून निघून जायची. अडाणी मेले, म्हटलं मनात.

पाय दुखायला लागले तशी समोर आली त्या बसमध्ये चढले. नंबर तेवढा पाठ केला. बसमध्ये बसायला जागा नव्हती. ड्रायव्हर असा हाणत होता की मी दांड्याला लोंबकळत होते. लसणाचा वास भरून राहिलेला. नागोयात मी लसूण खाल्ला की लोक दोन पावलं मागे सरायचे, इथे अख्खी बस फोडणीला टाकलेली.

आणि एवढ्यात समोर बसलेल्या बाईनं माझी पिशवी ओढली. साठीपुढची आजी, आखूड कुरळे केस, गुडघ्यावर हात, आणि सरळ माझ्या खांद्यावरची पिशवी खेचतेय! पासपोर्ट त्यात! मी एक हात दांड्याला आणि दुसऱ्यानं पिशवी धरून ओरडले, "सोड! सोड म्हणते ना! दिवसाढवळ्या चोरी करतेस, थेरडे? लाज नाही वाटत?" शुद्ध मराठीत, पोटापासून. चार वर्षांत मी एवढ्यांदा ओरडले नव्हते. अख्खी बस वळली. आजीनं सोडली नाही. ती तिच्या भाषेत माझ्यापेक्षा मोठ्यांदा ओरडली, एक हिसडा दिला आणि पिशवी घेतली. घेतली आणि काय केलं, तर मांडीवर ठेवून वर दोन्ही हात ठेवले आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मग बघते तर तिच्या शेजारच्या बाईच्या मांडीवरही कुणाची तरी पिशवी होती, पलीकडच्या मुलीच्या मांडीवर कुणाचं दप्तर. बसलेल्यानं उभ्याचं ओझं धरायचं, अशी तिथली रीत. न विचारता.

आता आली का पंचाईत! मी माझी ठेवणीतली जपानी काढली, कमरेतून वाकले, बसनं वाकवलं त्यापेक्षा जास्त. "क्षमा करा. आपल्याला फार तसदी दिली."

आजी झटकन वळली. आणि जपानीतच बोलली, माझ्यापेक्षा शंभर पट सफाईनं. "ही भाषा माझ्याशी बोलू नकोस."

मी वाकलेली सरळ झाले.

"इथे जपानचं राज्य होतं तेव्हा मला ही शाळेत छडीनं शिकवली. आमची भाषा बोललं की छडी. नावसुद्धा बदलून टाकलं होतं त्यांनी माझं. तुला कुणी मारलं?"

"कुणी नाही. मी आपणहून शिकले."

"आपणहून?" ती खो खो हसली, शेजारणीला त्यांच्या भाषेत सांगितलं, तीही हसली. "कशाला?"

आता बसमध्ये लोंबकळत काय सांगायचं? तरी सांगितलं. कचरा, कांद्याचं चित्र, काउंटर, नवरा, बारावा मजला. स्वयंपाकाच्या जपानीत जेवढं बसलं तेवढं. तिनं ओठ मुडपून ऐकलं. कीव नाही, काही नाही. मग म्हणाली, "मघाशी ओरडलीस ती कुठली भाषा?"

"माझी."

"त्यात तू मोठी बाई वाटलीस. आता वाकून बोलतेस ते मोलकरणीसारखं." तिचा स्टॉप आला. पिशवी माझ्या छातीवर आदळून ती उठली, मला धरून स्वतःच्या जागेवर दाबून बसवलं आणि कोपरांनी वाट काढत उतरून गेली. दशमी द्यायची राहूनच गेली तिला.

तिच्या गरम जागेवर मी शेवटच्या स्टॉपपर्यंत बसले. राग आला होता, कुणाला मोलकरीण म्हणते? काउंटरवर उभी राहणार आहे मी! मग लक्षात आलं की हे वाक्य मी नवऱ्याला अजून एकदाही धड ऐकवलेलं नाही. घरी वाद घालायचे तोही कुजबुजत, भिंतीपलीकडच्या बाईंना ऐकू जाईल म्हणून. त्याच बसनं परत आले.

निघायच्या दिवशी दुपारी जेवायला बसवलं. टेबलावर इवल्या इवल्या ताटल्या, त्यातल्या तीनच माझ्या कामाच्या. गृहस्थांनी खिशातून किल्ली काढली, रेशमी दोरा बांधलेली, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "मॅडम, लाइक?"

"नो," मी म्हटलं. मग ह्यांच्याकडे वळून मराठीत, अगदी बसमधल्या आवाजात, "सांगा ह्यांना. सोमवारी मला कामावर जायचंय. काउंटर मिळालंय मला, कुणी दिलेलं नाही, मी मिळवलंय. बाराव्या मजल्यावर नुसता वारा खात मी बसणार नाही."

वाढणाऱ्या मुली जागच्या जागी थांबल्या.

"अगं, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. चार वर्षं हळूच बोलतेय. तत्त्वतः दिलेला होकार तत्त्वतः परत घ्या."

"माझ्या बढतीचं काय?"

"मला विचारून दिला असतात होकार, तर बोललो असतो त्यावर."

हे बराच वेळ ताटलीतले दाणे जेवायच्या काड्यांनी धरायचा प्रयत्न करत राहिले. एकही दाणा आला नाही. शेवटी त्या गृहस्थांना इंग्रजीत म्हणाले, "माय वाइफ इज नॉट विलिंग." बघा! स्वतःचं काही नाहीच त्यात. माझ्या नावावर खपवलं. पण किल्ली परत खिशात गेली.

सोलला दुसरं कोणी गेलं. ह्यांची बढती पुढे बरीच रखडली, ते आजही मला ऐकवतात. ऐकते. ऐकवलं त्या दिवशी कधीकधी भाजीत मीठ जास्त पडतं, एवढंच.

सोमवारी मी नागोयात पांढरा रुमाल डोक्याला बांधून काउंटरवर उभी राहिले. दार सरकलं, एक गृहस्थ आत आले, आणि मी "या, या!" म्हणून जपानीत असं काही खणखणीत स्वागत केलं की त्यांनी दचकून मागे पाहिलं.

मुख्य बाई मागून धावत आल्या. "इंदो-सान, जरा हळू."

"हो," मी म्हटलं. मग दार पुन्हा सरकलं आणि मी पुन्हा तेवढ्याच आवाजात म्हटलं.